मिठाच्या चौकोनी जागा

डिसेंबर लागला की आमच्या जबलपुरात मटार उतरतो. राइट टाउनच्या वळणावरच्या हातगाड्या हिरव्या होतात, घरोघरी मधोमध परात ठेवून माणसे शेंगा सोलत बसतात, आणि दुपारी साडेचारलाच ऊन खिडकीवरून निघून जाते. ऊन जाण्याच्या या वेळेची मला अजून सवय झालेली नाही. इतर ऋतूंत मी खिडकीकडे फारसे पाहत नाही, हिवाळ्यात पाहते. काच स्वच्छ आहे ना, तिच्यातून बाहेरचे दिसते आहे ना, एवढेच पाहते आणि पुन्हा कामाला लागते. सून एकदा म्हणाली, "आई, कोणाची वाट पाहून राहिल्या तुम्ही?" मी म्हटले, उजेडाची. तिला ती थट्टा वाटली.

एकाहत्तरच्या लढाईच्या हिवाळ्यात आमच्या घराच्या काचांवर काळा कागद होता. बाबा संरक्षण कारखान्यात तपासनीस होते आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. रात्रीचा उजेड बाहेर पडू नये एवढाच आदेश होता. संध्याकाळी पडदे ओढून आणि सकाळी सारून तो कोणालाही पाळता आला असता. शेजारी तसाच पाळत होते. बाबांनी मात्र कणकेच्या खळीने कागद काचांवर कायमचे चिकटवले. रोज लावायचा आणि रोज काढायचा कागद कोपऱ्याला फाटतो, आणि कोपऱ्याला फाटलेला कागद त्यांच्या लेखी नापास माल होता. त्यामुळे सकाळी अकरा वाजताही आमच्या घरात दिवा जळत असे.

"दिवसाढवळ्या दिवा लावून बसून राहिलो आपण," आई म्हणे. "काहून जी? दुश्मन काय दुपारच्या जेवणाला येऊन राहिला?"

"आदेश आहे."

"आदेश रातचा आहे."

बारा तासांची पाळी करून बाबा येत, कोपरापर्यंत हात धुवत, जेवत आणि झोपत. कारखान्यात ते काय तपासतात हे आम्ही विचारायचे नव्हते. विचारायचे नाही, हेही कोणी कधी बोलून दाखवलेले नव्हते.

मी त्या वर्षी भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होते. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही अर्ध्या तावदानांवर कागद होता, आणि तेथे तो अधिक जाचत असे. खडक पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकाला खालून उजेड लागतो. एक लहानसा आरसा बाहेरचा प्रकाश पकडून वर पाठवतो. उजेड नसेल तर समोर फक्त करडे धुके. माझ्या टेबलासमोरच्या तावदानावर तळहाताएवढा चौकोन कापून देण्याचे काम गेंदालाल भैयांनी केले. ते प्रयोगशाळेत दगड कापून, घासून त्यांचे कागदाहून पातळ काप करत. गढा या जुन्या वस्तीतून सायकलने येत. मला दीदी म्हणत आणि फार खुशीत असले तर बिन्ना, म्हणजे त्यांच्या बोलीत लाडकी बहीण. कागद कापून झाल्यावर म्हणाले, "लो दीदी, आपका आसमान. इससे बड़ा चाहिए तो सरकार से पूछो."

गेंदालाल अनेक वर्षे रोजंदारीवर होते. त्या मार्चमध्ये त्यांना कायम करण्याचा कागद वर जायचा होता आणि त्यावर विभागप्रमुख असलेल्या आमच्या सरांची सही लागणार होती. पावसाळ्यात त्यांच्या हातून सरांच्या जुन्या संग्रहातला एक काप फुटला होता. तेव्हा सर सर्वांसमक्ष म्हणाले होते, "एक गलती और, गेंदालाल, और मैं दस्तख़त नहीं करूँगा." सर दुष्ट नव्हते. शब्द मोजून वापरणारे होते, आणि मोजून वापरलेला शब्द ते मागे घेत नसत.

मला प्रबंधासाठी सरांनी लाकडाची एक पेटी दिली होती. पश्चिमेच्या वाळवंटात पाण्यासाठी खोदताना खोलवर विचित्र थर लागले. खोदणाऱ्यांमध्ये सरांचा एक जुना विद्यार्थी होता, त्याने यंत्राने काढलेले दगडी दांडके पेटीत घालून पाठवले. हातभर लांबीचे सहा तुकडे. प्रत्येकावर खोली लिहिलेली आणि वरची बाजू दाखवणारा लाल बाण. पेटी ऑक्टोबरात आली. पुढे सीमेवरची धामधूम वाढली, खोदकाम थांबले, माणसे परतली. आणखी नमुना मागवण्याचा प्रश्नच उरला नाही. होते ते एवढेच.

या सहा तुकड्यांवरून मला एक जुने पाणी ओळखायचे होते. आमच्या विषयाचे काम हेच. खडक समोर असतो. तो जेथे साचला ती जागा नसते. तेथे खोल समुद्र होता की उथळ, सरोवर होते की चिखलाचा काठ, पाणी वाहते होते की कोंडलेले, हे सगळे खडकाच्या अंगावरून वाचायचे. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. जबलपूरच्या मुलीला पाणी म्हणजे नर्मदा, आणि नर्मदा कोठे थांबत नाही.

कोंडलेले पाणी मी पुस्तकातून शिकले. समुद्राचा एखादा फाटा वाळूच्या बांधाने मुख्य पाण्यापासून तुटतो. वरून ऊन तापते, पाणी उडते, आणि त्यात विरलेले क्षार मागे राहतात. ते वाटेल तसे बसत नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला असतो. साधारण अर्धे पाणी उडाले की चुन्याचे क्षार तळाशी बसू लागतात. पाचवा हिस्सा उरला की जिप्सम. दहावा हिस्सा उरला की मीठ. पुढे शाळेत मी हा क्रम मुलींना बोटांवर मोजून पाठ करायला लावत असे, आणि एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारी, "मॅडम, मग तिथले मासे?" मासे आधीच मेलेले असतात. म्हणून अशा खडकात शिंपले, हाडे फारशी सापडत नाहीत. ज्या पाण्यात काही जगत नाही ते पाणी आपली नोंद केवळ क्षारांनी ठेवते.

माझ्या पेटीत तो क्रम होता. सर्वांत खालच्या तुकड्यात डोलोमाइट, चुनखडीचाच भाऊबंद. त्यात शेवाळाच्या चटयांनी ठेवलेल्या लहरी, एकीवर एक, साडीच्या घडीसारख्या. त्यावर चिखल, आणि चिखलाला पडलेल्या भेगा: म्हणजे पाणी मधूनमधून पार आटत होते. चौथ्या-पाचव्या तुकड्यात जिप्समचे पांढरे गोळे एकमेकांना इतके दाटून बसलेले, की त्यांच्यामधला मातकट चिखल खुराड्याच्या जाळीसारखा दिसे. आणि सहाव्या तुकड्यात, सर्वांत वर, दोन बोटे जाडीचा तांबूस थर. त्यात लुकलुकणारे लहान चौकोन.

सहावा तुकडा मी जिभेला लावला. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात ती ही गोष्ट: डोळ्यांनी ठरत नसेल तर चाखा. माती जिभेला चिकटते, बाकीचे बहुतेक दगड बेचव असतात. हा खारट होता. कोण्या मेलेल्या समुद्राचे मीठ, आणि त्याची चव मला त्या दिवशी डब्यातल्या भाजीत कमी पडलेल्या मिठाहून वेगळी लागली नाही. मी कोणाला सांगितले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करावी, मोजमाप करावे, मग व्यवस्थित लिहून सरांपुढे ठेवावे, असा माझा विचार होता. व्यवस्थितपणाने माणूस किती वेळा गप्प राहतो हे मला नंतर कळले.

मिठाचा दगड पाण्याने घासत नाहीत. पाण्याऐवजी रॉकेल घेतात, म्हणजे मीठ विरघळत नाही. प्रयोगशाळेतली रॉकेलची बाटली रिकामी होती आणि बाजारात टंचाई होती. अर्धी बाटली मी घरून आणते, असे गेंदालालना सांगून ठेवले होते. आईकडे मागितली.

"दगड घासायला रॉकेल?" आई म्हणाली. "रांगेत उभं राहून पाय गेले माझे. आणि स्टोव्ह काय तुझ्या दगडानं पेटवू?"

मी दुसऱ्यांदा मागितले नाही. मागितले असते तर तिने दिले असते. आईचा पहिला नकार हा नकार नसतो, बोलण्याची सुरुवात असते, हे मला तेव्हाही माहीत होते.

तो गुरुवार होता. ब्लॅकआउटमुळे प्रयोगशाळा चार वाजता बंद होई, आणि साडेतीन वाजून गेले होते. गेंदालालनी तुकडा यंत्राला लावला आणि विचारले, "दीदी, मिट्टी का तेल?"

"नाही मिळालं," मी म्हटले. "पानी से ही कर दीजिए, भैया. जल्दी-जल्दी में क्या घुलेगा."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग टाकीची तोटी सोडली. चाक फिरू लागले, पाण्याची धार दगडावर पडू लागली, आणि मी वह्या गोळा करून सायकल काढली. गेंदालालची एक पद्धत होती, जी मला ठाऊक होती आणि त्या क्षणी आठवली नाही. काप काढून झाल्यावर उरलेले थोटूक ते पाण्याच्या तश्तरीत, म्हणजे पसरट बशीत, बुडवून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढत, म्हणजे घासण्याची पूड सुटून जाई. मिठाचा जवळजवळ सगळा थर त्या थोटकातच होता.

शुक्रवारी सकाळी ते माझ्या टेबलावर पुसून ठेवलेले होते. तांबूस थर जागेवर होता. लुकलुकणारे चौकोन नव्हते. त्यांच्या जागी चौकोनी भोके होती, काटकोनात कापल्यासारखी. काहींच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरत होत्या, बावडीसारख्या. खारट पाण्याच्या पृष्ठावर तरंगत वाढलेले मिठाचे स्फटिक तसे पोकळ पायऱ्यांचे होतात. म्हणजे मीठ किती मोठे होते, कसे वाढले, कोठे तरंगले, हे सर्व सांगणारे साचे होते. मीठ तेवढे नव्हते. पातळ काप पाहिले. त्यांतही काही हाती लागले नाही. काप काचेवर बसवायला जो डिंक वापरतात त्यातून प्रकाश जवळपास मिठातून जातो तसाच जातो. डिंकाने भरलेले भोक आणि मीठ, डोळ्याला दोन्ही सारखीच.

मी उठून सरांच्या खोलीकडे निघाले होते. सर दारातच भेटले. त्यांनी थोटूक हातात घेतले, भिंग लावले, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. वार्षिक सहल रद्द झालेली, वर्ग रिकामे, वर्तमानपत्राखेरीज कोणी काही वाचत नाही, अशा दिवसांत त्यांना आपल्या जन्मभराच्या प्रश्नाचे उत्तर सापडले होते. ते खोरे कायमचे कोंडले नव्हते, पुढे त्यात गोडे पाणी परतले होते, असे त्यांचे जुने मत होते. त्याला पुरावा नव्हता.

"देखो," ते म्हणाले. "यहाँ नमक था. फिर मीठा पानी लौटा और नमक को ले गया. साँचे रह गए. शालिनी, यह तुम्हारे प्रबंध का सबसे बड़ा पन्ना होगा."

त्यांनी फळ्यावर खोऱ्याचे चित्र काढले आणि एका बाजूने निळ्या खडूने येणाऱ्या पाण्याचा बाण काढला. तेव्हाच बोलायला हवे होते. पण बोलले असते तर पहिला प्रश्न कोणता आला असता हेही मी जाणून होते: घासले कोणी? सर खूश होते. गेंदालालची नोकरी शाबूत होती. आणि पुढल्या वर्षी मला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून, प्रयोग शिकवायला, ठेवून घेण्याचे सरांनी त्याच सकाळी बोलून टाकले. सर्वांचे भले होईल असे ते एक खोटे पाणी होते आणि ते मी सोडले होते. मी वहीत बाण उतरवून घेतला.

चार दिवसांनी गेंदालाल ती तश्तरी घेऊन आले. ती तशीच राहिल्याने पाणी आटले होते आणि काठाला पांढरी रेघ धरली होती.

"दीदी, देखो तो. नमक जम गया." ते हसले. "चख भी लिया मैंने, आप लोगों की तरह."

मी वही मिटली.

"पत्थर का ही है न?"

"हो."

त्यांनी फळ्याकडे पाहिले. निळा बाण अजून होता. सरांनी तो पुसू नये असे लिहून ठेवले होते. "तो साहब कौन-से पानी की बात कर रहे हैं?"

ज्या माणसाने भूशास्त्राचे एक पानही वाचले नव्हते त्याने आमच्या शास्त्राचा नेमका प्रश्न विचारला होता. मी एवढेच म्हटले, "भैया, अभी किसी से मत कहिए." त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू गेले. आपल्या कागदावरची सही कोठे अडकली आहे हे त्यांना माझ्याआधी कळले असावे. तश्तरी घेऊन ते नळाकडे गेले आणि नारळाच्या काथ्याने घासून तिला लख्ख करून आले. ते मीठ दुसऱ्यांदा विरघळले, आणि या वेळी ते गटारात गेले.

डिसेंबराच्या मध्याला लढाई संपली. वसाहतीत पेढे वाटले, मुलांनी रस्त्यावर नाच केला. आमच्या काचांवरचा कागद तसाच होता. लेखी आदेश आल्याशिवाय तो निघणार नव्हता. "आता तर सारं जबलपूर उघडं झालं," आई म्हणाली. "आपणच काय ते लपून राहिलो." जानेवारी त्या पिवळ्या दिव्याखाली गेला. मी टेबलाशी बसून प्रबंधाचे चौथे प्रकरण लिहीत असे. भिंतीपलीकडे कारखान्याचा भोंगा होई, पाळी बदले, पुन्हा भोंगा होई. इंग्रजीत लिहिलेले ते वाक्य मराठीत असे होते: या चौकोनी पोकळ्या खोऱ्यात गोडे पाणी परतल्याचा पुरावा होत. वाक्य चांगले होते. व्याकरण शुद्ध होते. मी ते तीनदा सुवाच्य अक्षरात उतरवले आणि तिन्ही वेळा माझा हात "पुरावा" या शब्दापाशी थांबला.

कारण पुरावा उलटा होता, आणि तो दिसण्यासाठी फक्त नीट पाहण्याची गरज होती. लाखो वर्षे जमिनीत राहिलेले भोक रिकामे राहत नाही. त्याच्या भिंतींवर चुन्याचे बारीक स्फटिक धरतात, नाहीतर वरचा चिखल आत ढासळतो, कडा बोथट होतात. माझ्या भोकांच्या कडा काल कापल्यासारख्या होत्या. आत कणही नव्हता. सरांसारख्या जाणत्या माणसाला हे दिसले नाही, याचे मला तेव्हा नवल वाटले. आता वाटत नाही. ज्या उत्तराची माणूस वीस-पंचवीस वर्षे वाट पाहतो त्याच्या भिंती तो तपासत नाही.

बाबांना जानेवारीच्या शेवटी एका रविवारी सुट्टी मिळाली, कित्येक महिन्यांनी पहिली. आम्ही बसने नर्मदेवरच्या भेडाघाटला गेलो. आईने शेंगदाणे घेतले, आणि मी व बाबा पाण्याजवळच्या खडकावर बसलो. पांढरे कडे उन्हात उभे होते. मी शिक्षिकेच्या सुरात, जो मला नोकरीच्या आधीच लागला होता, त्यांना सांगू लागले की हा संगमरवर एके काळी समुद्रतळाचा चुन्याचा चिखल होता. पुढे जमिनीच्या पोटात एवढा तापला आणि दाबला गेला की त्यात लिहिलेले बहुतेक सर्व पुसले गेले. लहरी, भेगा, शेवाळ, काही वाचता येत नाही. उरले ते देखणे दगड.

बाबा म्हणाले, "शालू, सहा महिने झाले, मी तिथं काय करून राहिलो ते तुझ्या आईला सांगितलं नाही. सांगायचं नसतंच. पण आता असं झालं की काल भाजी कोणती खाल्ली तेही सांगता येत नाही. ती विचारते, अन् मला आठवतच नाही."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितले नव्हते. एखाद्या सुट्या भागाचे माप सांगावे तसे सांगितले. बाबांचे गप्प राहणे आदेशाने आलेले होते. माझे मी स्वतः आणले होते, आणि तरी दोन्ही एकाच तऱ्हेने माणसाला आतून घासत होती.

फेब्रुवारीत आदेश आला. कागद भिजवले तरी निघेनात. बाबांनी खळ इतकी चोख केली होती की दोन दिवस पत्र्याने खरवडावे लागले. काचांवर ओरखडे उठले, आणि आमच्या घरात उजेड आला तो ओरखड्यांसकट.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक वयस्क होते, मऊ बोलणारे. त्यांनी प्रबंध चाळला, चौथ्या प्रकरणाची स्तुती केली, थोटूक हातात घेतले आणि सरांना म्हणाले की हे छापायला हवे. सर माझ्याकडे पाहून हसले. सगळे दहा मिनिटांत संपले असते. शेवटी परीक्षकांनी रीतीप्रमाणे विचारले, "कुछ कहना है?"

"जी सर," मी म्हटले. "वह पानी पुराना नहीं था. वह अपने नल का था."

मग मी क्रमाने सांगितले. तुकडा चाखल्याचे, रॉकेल न आणल्याचे, पाण्याने घासायला सांगितल्याचे, थोटूक रात्रभर पाण्यात राहिल्याचे. भिंतींच्या स्वच्छपणाचे सांगितले. खोऱ्यात कोणतेही पाणी परतल्याचा पुरावा माझ्या नमुन्यात नाही. ते कोंडलेलेच आटले, एवढेच तो सांगतो.

सरांनी एवढेच विचारले, "घिसा किसने?"

"मैंने कहा था, सर."

"मैंने पूछा, घिसा किसने?"

"सूचना मेरी थी."

परीक्षकांनी भिंग लावून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "दीवारें सचमुच साफ़ हैं. हमने देखा ही नहीं." हे "हमने" त्यांनी सरांकडे न पाहता म्हटले. मला एका आठवड्यात प्रकरण नव्याने लिहून देण्यास सांगून त्यांनी बैठक संपवली.

बाहेर व्हरांड्यात गेंदालाल चहाचे कप घेऊन उभे होते. दार उघडे होते. त्यांनी ऐकले होते.

"मेरा नाम लिया?"

"नाही भैया. तुम्ही काळजी करू नका. तुमच्यावर काही येणार नाही."

त्यांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. "काहे नहीं लिया?"

मला वाटले, ते समजले नाहीत. सहीचे, कायम होण्याचे मी सांगू लागले. त्यांनी थांबवले.

"इस कॉलेज का हर पत्थर मेरे हाथ से कटा है, दीदी. किसी किताब में मेरा नाम नहीं आया. एक बार ग़लती में आता, वो भी आपने अपने पास रख ली." मग म्हणाले, "नौकरी की चिंता मेरी थी. आपने पूछा भी नहीं और उठा ली."

ते आत गेले. "साहब, पत्थर मैंने घिसा था," एवढे मला ऐकू आले. "तश्तरी में भी मैंने ही रखा था." मग आतून कोणी दार लावले.

व्हरांड्यातल्या त्या काही मिनिटांत मला जे कळले ते मी पुढे तीस वर्षे शाळेत शिकवले, पण कधी नीट सांगू शकले नाही. प्रयोगवहीत कृती आधी लिहायची, निरीक्षण नंतर, अनुमान सर्वांत शेवटी, असा नियम आहे. मुली कृतीचे रकाने घाईने भरतात: पाणी घेतले, तापवले, गाळले. कोणी घेतले, कोणी गाळले, ते मराठीत सहज वगळता येते. वाक्य अडत नाही. मी गेंदालालना वाचवत होते असे मला वाटत होते. माझ्या वाक्यांतून मी त्यांना वगळले होते.

आठवड्याने चौथे प्रकरण पुन्हा लिहून नेले. त्यात कृतीच्या भागात एक नवी ओळ होती: सहाव्या नमुन्यातील मीठ प्रयोगशाळेत पाण्याने विरघळले, सूचना शालिनीची, घासणे व धुणे गेंदालाल यांचे. सरांनी ती ओळ वाचली. पेन हातात धरून बसले. त्यांच्या टेबलावर तीन कागद होते: माझा प्रबंध, गेंदालालना कायम करण्याचा अर्ज आणि डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी माझी शिफारस. त्यांनी पहिल्यावर सही केली. मग, मान वर न करता, दुसऱ्यावर केली. तिसरा कागद उचलला, घडी घातली आणि खणात ठेवला. "जाओ," म्हणाले.

प्रयोगशाळेत गेंदालाल चाकाचा पट्टा घट्ट करत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. मी प्रबंध उघडून त्यांच्यापुढे धरला.

"कहाँ है?"

मी ओळीवर बोट ठेवले. त्यांनी आपले बोट सदऱ्याला पुसले आणि माझ्या बोटाशेजारी टेकवले, शाई ओली असावी तसे हलके.

"और आपका?"

"त्याच ओळीत. तुमच्या आधी."

"ठीक है, बिन्ना," ते म्हणाले. "पहले आपका ही चाहिए. पानी से कर दो, ये तो आपने ही कहा था."